दुसऱ्याच्या वहीत

"दुसऱ्याच्या वहीत आपण लिवत न्हाई, ताई." असं म्हणताना ते दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. कीबोर्डला चुकून बोट लागायला नको!

भोसरीतल्या आमच्या वाचनालयात ते शिपाई होते. मी ग्रंथपाल, त्यामुळे हे कबूल करायला जड जातं, पण वाचकांची माहिती माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त. फर्स्ट शिफ्ट सुटली की कोण येणार, काय मागणार, कुणाला बारीक अक्षर दिसत नाही, सगळं तोंडपाठ. तुमच्याही वाचनालयात असा एखादा असेल बघा. तो असतो तोवर आपण कपाटं नीट लावत नाही.

त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले. हे सगळं त्यांच्याबरोबर घरी जाणार! नेमकी तेव्हाच आमच्या भोसरी, थेरगाव आणि वाकडच्या वाचनालयांनी मिळून विकी सुरू केली होती. म्हणजे कॉम्प्युटरवरची सामायिक वही. कुणीही पान उघडावं, भर घालावी, चूक दिसली तर सुधारावी. म्हटलं, यांच्या डोक्यातलं इथं उतरवून घेऊ.

पण कसलं काय! थेरगावच्या ग्रंथपालबाईंनी लिहिलं होतं, 'वेल्डिंगवर मराठी पुस्तक कुठेच नाही.' ते वाचून गृहस्थ तळमळले. "आपल्याकडं तीन हायत की! जिन्याखालच्या कपाटात."

"मग खोडा आणि लिहा."

"बाईंचं लिवलेलं मी खोडू? भलतंच!"

आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून, दोन रिक्षा बदलून, ते थेरगावला गेले. परवानगी काढायला! मी कपाळावर हात मारला. बाईंनी मात्र चहा पाजला, शेजारी बसवलं आणि त्यांच्याच हातून ते वाक्य बदलून घेतलं.

मग जो गडी सुटला! रोज दुपारी दोन बोटांनी टकटक. कुठलं पुस्तक कुठे, कुणाला खिडकीजवळची खुर्ची लागते, सगळं लिहिलं. निरोपाच्या दिवशीही शाल खांद्यावर घेऊन ते कॉम्प्युटरपाशीच बसलेले.

आता ते वाचनालयात येत नाहीत, आणि खरं सांगते, करमत नाही. परवा आम्ही जिन्याखालचं कपाट वरच्या मजल्यावर हलवलं. त्यांच्या पानावर तेवढी दुरुस्ती करायची होती, पण खोडायला बोट उठेना. त्यांनी लिहिलेलं मी खोडू? शेवटी पान खाली सरकवलं. तळाशी एक ओळ होती:

'हितं कुणीबी खोडा, लिवा. माझी परवानगी हाय. घरी यायची गरज न्हाई. आलात तर चहा हाय.'