कॉम्प्युटरचं घंगाळ

आमच्या वाशीच्या खोलीत त्या उन्हाळ्यात माठातलं पाणीसुद्धा गार होत नव्हतं. "हितला माठ मेलाय," आई म्हणायची. हवा इतकी दमट, की माठ झिरपायचा पण वाळायचा नाही. अशा हवेत मला एक कॉम्प्युटर थंड ठेवायचा होता, आणि तो थंड राहिला नाही तर मला गावी जावं लागणार होतं.

आप्पा बाजारातल्या नोकरीतून रिटायर झाले होते. महिनाअखेरीला खोली सोडून साताऱ्याकडे परतायचं ठरलं होतं. त्याआधी माझा इंजिनिअरिंगचा प्रबंध पुरा झाला, तर बेलापूरच्या एका ऑफिसात नोकरी आणि राहायला हॉस्टेल. नाही झाला, तर मीही त्यांच्याबरोबर. तिथल्या एका स्थळाला आप्पांनी "बघू" म्हणून ठेवलंच होतं. ते रोज दाभण-सुतळी घेऊन सामान गोणपाटात शिवत बसायचे. शिवलेल्या गोण्या मी रोज मोजायचे.

प्रबंधात गणित होतं खाडीतल्या गाळाचं. कॉलेजच्या मशीनवर नंबर लागेना, म्हणून घरी जुळवलेला कॉम्प्युटर मी त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवत होते. साध्या वेगाने ते गणित वेळेत संपलंच नसतं. पण पळवला की प्रोसेसर तापायचा आणि भर दुपारी सगळं हँग. झाकण काढून टेबलफॅन लावला, तर तो गरम वाराच ढकलायचा. "वलं गोणपाट घाल वरनं," आप्पा म्हणाले. मी त्यांच्यावर खेकसले. माठाला जमत नाही ते गोणपाटाला काय जमणार, कपाळ!

उरले दोन उपाय. एक चकती मिळायची. वीज दिली की तिची एक बाजू बर्फासारखी गार पडते. दुसरा उपाय म्हणजे प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवून त्यातून पंपाने पाणी फिरवायचं. पण विजेच्या यंत्रात पाणी सोडायचं, म्हणजे एक थेंब गळला तरी सगळं खलास. मी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून चकती आणली.

काय गार पडली ती! आईला बोलावून मी बोट लावायला लावलं. दुसऱ्या दिवशी आत डोकावले, तर चकतीच्या कडेला दवाचे थेंब, सरबताच्या ग्लासावर येतात तसे, आणि त्यातला एक खालच्या बोर्डाकडे निघालेला. मी झडप घालून बटण बंद केलं. पाण्याला भिऊन चकती घेतली, आणि चकतीने हवेतूनच पाणी काढून दाखवलं. मी मोरीत जाऊन रडले.

मग पाण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पाणी खोलीपेक्षा गार होणार नाही, म्हणजे दव तरी धरणार नाही; उष्णता वाहून नेली तरी पुरे. तुर्भ्याच्या वर्कशॉपमधून ठोकळा करून घेतला, शोभेच्या माशांच्या दुकानातून पंप आणला, नळ्या बादलीत सोडल्या. सकाळभर गणित सुरळीत चाललं. दुपारी बादलीतलं पाणी तापलं आणि पुन्हा हँग.

"आता काय?" आईने विचारलं.

"पाणी जास्त पाहिजे. मोठं भांडं पाहिजे, आणि मोठी भांडी तर सगळी शिवून झालीत." मी फरशीवर फतकल मारून बसले. "आप्पा, नाही होत माझ्याच्यानं. माझीपण गोणी शिवा."

कोपऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या गोणीची शिवण आप्पांनी ब्लेडने कापली आणि आतून तांब्याचं घंगाळ काढलं. जन्मभर त्यांनी त्यातल्याच पाण्याने आंघोळ केली होती. दोघांनी मिळून ते टेबलाजवळ ठेवलं, पिंपातलं पाणी ओतलं, मी नळ्या त्यात सोडल्या.

दुपार सरली, ऊन उतरलं, तरी स्क्रीनवरचे आकडे पळत होते. आईने उसवलेलं गोणपाट उचललं. "आवो, ह्ये परत कदी शिवायचं? दिवस ऱ्हायल्यात किती?"

"त्ये नाय शिवायचं," आप्पा म्हणाले. "घंगाळ ऱ्हाऊ दे तिच्यापाशी. मला काय, आंघुळीला गावाला हिर हाय."