मनगटाच्या हाडांची प्रार्थना

आमच्या वॉर्डात माणसं बरी व्हायला येत नाहीत, शेवटचे दिवस सुखाने जावेत म्हणून येतात. मी इथली सिस्टर. आमचे डॉक्टर म्हणजे देवमाणूस, पण देवाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या! हट्टीपणात त्यांचा हात कुणी धरणार नाही, असं मला वाटायचं.

खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजींनी तो धरला, अगदी घट्ट. दुखणं औषधाने आटोक्यात होतं, पण एकटीने जायची भीती काही केल्या जाईना.

"माझ्यासाठी प्रार्थना करा. त्याशिवाय सोडणार नाही."

"आजी, मला एकही येत नाही हो."

"एवढं शिकलात ते काय उगाच? म्हणा काहीतरी."

हात सुटेना, बाकीचे पेशंट खोळंबलेले. शेवटी डॉक्टरांनी डोळे मिटले आणि गंभीर आवाजात सुरू केलं, "स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म..." मनगटाची हाडं! कॉलेजात घोकलेली! मी ट्रेमागे तोंड लपवून हसले. आजी मात्र हात सोडून शांत झोपी गेल्या.

झालं, रोजचा रतीबच लागला. शेजारचे आजोबाही "आमच्यासाठी पण तेवढं म्हणा" म्हणून मागे लागले. डॉक्टर मला जिन्यात गाठून कुरकुरायचे, "सिस्टर, मी म्हातारीला फसवतोय. चोरासारखं वाटतं."

"मग खरं सांगून टाका की."

एका दुपारी डॉक्टर सांगायला बसले. आजींना तोवर धाप लागत होती.

"आजी, ती प्रार्थना नाही. ती..."

"मनगटाची हाडं," आजी म्हणाल्या. "माझा मुलगा ओट्याशी बसून हीच घोकायचा. दरवेळी पिसिफॉर्म विसरायचा, गाढव. डॉक्टर व्हायच्या आधीच गेला." त्यांनी डॉक्टरांचा हात चाचपला. "तुम्ही म्हणता तेव्हा तो ओट्याशी बसलेला असतो. मनगट पुरे झालं आता. आज डोक्यापासून पायापर्यंत म्हणा."

डॉक्टरांनी कवटीपासून सुरुवात केली. या वेळी मी ट्रेमागे रडत होते. डॉक्टर गुडघ्याच्या हाडांपर्यंत आले तेव्हा आजींचा हात सैल पडला. डॉक्टरांना ते कळलं, तरी ते थांबले नाहीत. पायाच्या करंगळीच्या शेवटच्या हाडापर्यंत गेले, बाहीला नाक पुसलं आणि माझ्यावरच डाफरले,

"बघताय काय, सिस्टर? प्रार्थना अर्धवट सोडायची नसते."