पैऱ्याचा बँड

आमच्या हिच्या मामांइतका तालाला पक्का आणि दिशेला कच्चा माणूस परमेश्वराने दुसरा घडवला नसावा. घडवला असलाच तर तो अजून वाट चुकून कुठेतरी फिरत असणार. मामा मंगळवार पेठेतल्या एका बँडचे मास्तर. क्लॅरनेट असं वाजवतात की वरातीतल्या म्हाताऱ्याही पदर खोचून पुढे येतात. पण त्यांना बिंदू चौकातून घरी जायचं असलं तर दोनदा विचारावं लागतं. एकदा ते अख्खा बँड घेऊन भलत्याच लग्नात घुसले, भलत्याच नवऱ्याला वाजतगाजत मांडवात नेलं आणि पंगतीत जेवूनही आले. मी विचारलं, तर मलाच म्हणाले, "नवरदेव घोड्यावर बसलेला हुता की न्हाय? मग झालं की!" मी शाळेत भूगोल शिकवतो. असल्या माणसाचं काय करायचं हे आमच्या पुस्तकात कुठेच दिलेलं नाही.

तालाच्या बाबतीत मात्र मामा म्हणजे जमदग्नी. दूधवाल्याने कडी वाजवली तरी ती लयीत वाजली पाहिजे. लग्नाची बोलणी चालू असताना मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी माझं कूळ विचारलं नाही, पगार विचारला नाही, मी चहा पितो कसा ते टक लावून पाहिलं आणि भाचीला म्हणाले, "पावणं फुर्रकी समेवर मारत्यात. दे होकार." बारा वर्षं सोबत असलेल्या ढोलवाल्याला त्यांनी एकदा पंगतीतून उठवलं, कारण काय, तर तो पापड बेताल खात होता! दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन त्याला परत आणलं, हेही खरं. हा माणूस वेडा की शहाणा, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं, आणि पुढे जे घडलं त्याने तर माझा गोंधळ कायमचा पक्का केला.

झालं असं की दसरा नुकताच सरला होता आणि एसटीत मामांना एक आबा भेटले. हातकणंगल्याजवळच्या एका गावचे शेतकरी. त्यांच्या मुलाच्या लग्नात मामांनी वाजवलं होतं. आबांचं सोयाबीन वाळून कापणीला आलेलं, उन्हाने शेंगा तडकायला लागलेल्या आणि वर परतीच्या पावसाचे ढग. आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मुलगा शिरोलीच्या फाउंड्रीत, त्याला रजा मिळेना. गावातल्या बाया आधीच दुसऱ्यांच्या रानात गुंतलेल्या. दोन दिवसांत कापणी झाली नाही तर वर्षभराचं पीक मातीत सांडणार होतं. मामा तिथल्या तिथे म्हणाले, "आम्ही येतो की! लगीनसराईला टाइम हाय, समदे रिकामेच हाईत." आबा एकदम तडकले, "फुकटचं राबणं मी कुणाचं घेत न्हाय, मास्तर. भिकंला लागलोय व्हय मी?" मामा म्हणाले, "मग पैरा करूया." पैरा म्हणजे आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. हे ऐकल्यावर आबा शांत झाले.

मामांनी मला हे सांगितलं तेव्हा मी साधा प्रश्न विचारला, "मामा, पण तुमचं रान कुठाय?"

"त्ये मागनं बघू. तुम्ही इळा आणा."

म्हणजे मीही चाललो होतो! सकाळी टेंपोत मामांसकट अकरा वाजंत्री, मी, विळे आणि सगळी वाद्यं. वाद्यं कशाला, हे मी विचारलं नाही; विचारून तरी काय कळणार होतं? मामा पुढे बसून वाट दाखवत होते, त्यामुळे आम्ही आधी एका गुऱ्हाळावर पोचलो, मग एका मठात, आणि उन्हं चढल्यावर आबांच्या रानात. विळे हातात घेऊन मंडळी नुसती उभी राहिली. कुणाचा खाली, कुणाचा वर, काही जमेना. शेवटी मामांनी एकाच्या गळ्यात ताशा अडकवला आणि बांधावर उभं राहून बोट वर केलं. काय सांगू तुम्हाला! ताशा कडाडला आणि विळे असे चालायला लागले की आबांची बायको कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. पण बांध आला की सगळे थांबायचे. तिथेच उभे, कुणी घाम पुसतोय, कुणी तंबाखू मळतोय. दोनदा असं झाल्यावर काकूंना राहवेना, "अगं बया, आता का थांबलासा?"

"चौक आला की, काकू," ट्रंपेटवाला म्हणाला. बिचाऱ्यांचा जन्म वरातीत गेलेला. चौकात थांबायचं हे पायांनाच ठाऊक. मग मामांनी फर्मान काढलं, ह्या गावात चौक न्हाईत. दिवस मावळायला शेवटची पात संपली. ढिगावर ताडपत्री टाकून बाजूला झालो आणि पाऊस आला. आबा ताडपत्रीचं टोक धरून भिजत उभे होते, आणि क्लॅरनेट धरणाऱ्या मामांच्या बोटांवर विळा चालवून सुपारीएवढे फोड आले होते. माझ्याही आले होते, पण माझ्याकडे कोण बघतो!

तुळशीची लग्नं झाली आणि एका सकाळी आबा बँडच्या दुकानात हजर. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. "बँडची अकरा माणसं राबल्यात. माझं अकरा दीस. सांगा, काय करू?" मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की, आबा." आबांचा चेहरा उतरला. "पैरा ठरलाय न्हवं? का मला दान दिलासा?"

मामांनी खुंटीवरचा सोनेरी झालरींचा लाल कोट काढला आणि आबांच्या हातात खुळखुळे दिले.

वरात निघाली. आबा खुळखुळे वाजवत होते म्हणणं धाडसाचं होईल; ते धान्य चाळत होते. त्यात गुडघा दुखरा, पाऊल मागे पडायचं, की हातही मागे. ढोलवाला घाबरून मामांकडे बघायला लागला. मीही डोळे मिटले. पापडावरून माणूस उठवणारे मामा आता भर रस्त्यात काय करतील? मामांनी क्लॅरनेट तोंडातून काढलं, आबांच्या हातांकडे घटकाभर पाहिलं, आणि बोट वर करून सगळ्या बँडला आबांच्या लयीत आणलं. आबा रेंगाळले की बँड रेंगाळायचा, आबा दचकून पुढे गेले की बँड धावायचा. नाचणाऱ्यांचे पाय हवेतच राहायला लागले, घोडंसुद्धा बावचळलं. नवरदेवाचा चुलता तणतणत आला, "ओ मास्तर, ह्ये काय वाजवायलायसा?"

"नवीन ताल हाय. हातकणंगल्याकडचा," मामा म्हणाले.

मांडवाशी पोचल्यावर आबांनी घाम पुसत हळूच विचारलं, "जमलं का हो?" मामा म्हणाले, "समदे तुमच्यासंगं हुते, आबा."

आता मामांचे पुढचे दात गेलेत, क्लॅरनेटमध्ये फुंक ठरत नाही. डीजेपुढे बँडही निम्म्यावर आलाय. आबांचे दहा दिवस फिटलेत, एकच उरलाय. तेवढ्यासाठी ते एसटी धरून दर महिन्याला येतात, दुकानात चहा पितात, रानातलं काहीबाही बोलतात आणि तारीख विचारतात. परवा मामांनी त्यांना सांगितलं, या महिन्यात काम नाही. मी मामांना बाहेर गाठलं. "मामा, रविवारची सुपारी तर घेतलीय तुम्ही! न्या की त्यांना. एकदाचं मिटून जाईल."

मामा माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मीच वाट चुकलोय. म्हणाले, "आणि मिटल्यावर म्हातारा कशाला यील हो हितं?"

आतून आबांची हाक आली, "मास्तर, मग म्होरल्या म्हैन्यात तरी?"

"बघतो की," मामा म्हणाले, आणि अजून एक चहा सांगायला गेले.