दिवे वाढव

नोकरीत प्रेतं इतकी पाहिली की मोजायला बसलो तर अख्खं पंचांग संपेल; त्यांतली बहुतेक विसरलो. पण भर सकाळी दिवे लावून उभी असलेली ती काळी मोटार काही डोळ्यांसमोरून हटत नाही.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. मी ग्वाल्हेरात लष्कर भागातल्या ठाण्याचा ठाणेदार. टोप्यांवरचे जुने बिल्ले जमा झाले होते आणि नवे यायचे होते, म्हणून आम्ही बोडक्या टोप्यांनीच राज्य करत होतो. रोजनाम्याच्या छापील पानांवर संस्थानचं नाव शाईनं खोडून काम चालायचं. तरी दरारा असा, की मी खाकरलो तर किल्ल्यावरची कबुतरं उडतात असं लोक म्हणत. लोक म्हणजे बहुधा मीच म्हणत असे, पण ते असो.

थंडीचे दिवस होते. गोरखी वाड्याच्या मागच्या बोळातला एक म्हातारा स्वयंपाकी धापा टाकत ठाण्यात आला. "साहेब, आमच्या मालकांच्या मोटारीचे दिवे जळताहेत, मालक आत बसलेत, अन् उठत नाहीत."

मालक म्हणजे दरबारातले एक निवृत्त अधिकारी, विधुर. मागच्या सीटवर मान टाकून बसले होते. गळ्यात त्यांचाच लोकरी गळपट्टा आवळलेला. पुढचे दिवे रात्रभर जळून कावीळ झाल्यासारखे पिवळे पडलेले, दिव्यांचं बटण बाहेर ओढलेलं, म्हणजे चालू. पंचनामा झाला, मोटार ढकलत ठाण्याच्या अंगणात आणली, तोवर बॅटरी संपून दिवेही गेले.

संशय लगेच ड्रायव्हरवर गेला. साठीचा माणूस, संस्थानच्या फौजेतला हवालदार; पलटण मोडली तेव्हा मालकांनी त्याला ठेवून घेतलं होतं. आता मालक मोटार विकणार होते, म्हणजे नोकरी गेली. मालकांचा पुतण्या अलीकडेच त्यांच्या घरी राहायला आला होता. तो डोळे पुसत म्हणाला, "काकांनी त्याला नोकरीवरून जवाब दिला होता हो. तेव्हापासून तोंड वाकडं करूनच फिरायचा." स्वतः पुतण्या त्या संध्याकाळी दाल बाजारात मित्राकडे होता म्हणे. मोटारीला कधी हातसुद्धा लावला नव्हता.

ड्रायव्हर सांगत होता ते असं : "दुपारी चारला गाडी बोळात लावली. उतार आहे, म्हणून चाकं उजवीकडे भिंतीला वळवली. फौजेची आदत आहे साहेब. मग चावी मालकांना दिली अन् घरी गेलो."

"चारला? मग दिवे काय सूर्याला वाट दाखवायला लावलेस?"

"मी नाही लावले. त्या गाडीला बीमारी आहे. चाक पूर्ण उजवीकडे गेलं की दिवे आपोआप लागतात, बटण बंद केलं तरी जात नाहीत. चाक सरळ केलं की जातात. उन्हात मला दिसले नसतील."

तीन दिवसांत त्यानं हे चार वेळा सांगितलं. मी चारही वेळा हसलो. चौथ्यांदा हसून झाल्यावर त्याच्या डाव्या कानाखाली ठेवून दिली. माझी थप्पड म्हणजे म्हैस गुडघे टेकेल अशी. तो पडला नाही. सावधानमध्ये उभा राहिला आणि कानातून रक्ताची बारीक धार आली.

आमच्यावर एक नवे साहेब आले होते, पुण्याकडे शिकलेले. त्यांनी स्वयंपाक्याचा जबाब स्वतः लिहून घेतला. दिवेलागणीला घरी निघताना त्यानं मोटारीतून मालकांचा आवाज ऐकला होता : "अरे, दिवे वाढव आधी!" साहेबांनी त्याखाली लाल रेघ ओढली. "अंधार पडला होता, मालक ड्रायव्हरला दिवे मोठे करायला सांगत होते. म्हणजे ड्रायव्हर तिथेच होता. खटला पक्का." फासाची दोरी वळून तयार होती, गाठ तेवढी मारायची राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं असं, की ठाण्यात कंदील लावून कागद चालले होते. थोडं ऊन आलं तसा आमचा शिपाई म्हणाला, "साहेब, कंदील वाढवू?"

नवे साहेब कागदातून मान वर न करता म्हणाले, "वाढव."

शिपायानं फुंकर मारली. साहेब ओरडले, "अरे गाढवा! वाढव म्हटलं होतं ना?"

"वाढवला की, साहेब!"

सगळं ठाणं हसलं. मी हसता हसता थांबलो. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत 'दिवा विझव' म्हणत नाहीत, अशुभ. हिंदीवाले 'दिया बढ़ाओ' म्हणतात, तसं आम्ही 'वाढव' म्हणतो. म्हणजे मालक दिवे बंद करायला सांगत होते. दिवे बंद होत नव्हते! आणि पुढच्या सीटवर जो कोणी होता, त्याला त्या गाडीची बीमारी ठाऊक नव्हती. ड्रायव्हरनं चाक फिरवून विषय संपवला असता.

टोपी बाजारामागच्या मिस्त्रीला बोलावलं, चार्ज केलेली बॅटरी बसवली. बटण बंद ठेवून मी चाक उजवीकडे वळवलं. दिवे भक्कन लागले. मिस्त्रीनं खाली वाकून पाहिलं : स्टिअरिंगच्या दांड्याजवळ वायरीवरचं आवरण घासून गेलं होतं, उघडी तार बॅटरीच्या तारेला टेकत होती. शोधायला त्याला पानाचा एक विडा पुरला. आम्हाला तीन दिवस आणि एक कान लागला.

मग पंचांना बसवून पुतण्याला बोलावलं. आवाजात साखर घोळून म्हणालो, "भाऊसाहेब, पंचनाम्यासाठी मोटार बघायचीय. जरा पुढं बसा." तो बसला. दिवे जळतच होते. मी मागच्या सीटवर बसलो, जिथं काका बसले होते, आणि म्हणालो, "अरे, दिवे वाढव आधी."

त्याचा हात सरळ बटणावर गेला. एकदा दाबलं, ओढलं, पुन्हा दाबलं. कपाळावर थंडीत घाम. "नाही वाढत हो," तो पुटपुटला, "तेव्हाही नाही वाढले."

दिवे जळतच राहिले.

पुढं मॅजिस्ट्रेटसमोर त्यानं सगळं कबूल केलं. जळणारे दिवे बघून काकांनी त्याला बोलावलं होतं. तो बटणाशी झटत असताना काका मागून म्हणाले, "तुला जमायचं नाही. हवालदारालाच जमतं. मागची खोली मी त्याला हयातभर देणार आहे." खोली पुतण्याला हवी होती. तो उतरून मोटारीच्या मागच्या दारानं आत शिरला, आणि गळपट्टा समोरच होता.

ही हकीकत मी लग्नामुंजीत पन्नासदा सांगितली आहे. तिथं मी ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाहताक्षणी त्याला निर्दोष ओळखतो, आणि पंगत वाहवा करते. थप्पड मी गाळतो. कागदावर गाळवत नाही.

माणूस विचित्र काही सांगू लागला की पोलिसाला तो खोटाच वाटतो, कारण खोटं ऐकायची आपल्याला सवय असते. पण खोटं बोलणारा पटेल असंच बोलतो. पुतण्याचं सगळं पटण्यासारखंच होतं. चाक फिरवून बघायला मला एक मिनिट लागलं असतं.

हवालदाराला सोडलं त्या दिवशी मी स्वतः हवालातीचं दार उघडलं. जन्मात कोणा आरोपीला म्हटलं नव्हतं, ते म्हणालो, "हवालदार, तुम्ही खरं सांगत होता. माझं चुकलं."

तो समोर पाहत उभा राहिला. मग उजवा कान माझ्याकडे वळवत म्हणाला, "त्या बाजूनं आता येत नाही, साहेब. इकडून बोला."

मी वळसा घालून त्याच्या दुसऱ्या बाजूला गेलो. ज्या आवाजानं कबुतरं उडायची तो फुटेना. हवालदार कान पुढं करून थांबला होता.