मुक्ताचा निळा गाल

राहीबाईला सवतीच्या आजाराचाही हेवा वाटला, हे ऐकून कोणी हसेल. पण वाटला खरा.

नेवाशाजवळच्या मळ्यात दोघी एकाच चुलीवर रांधत आणि सकाळी एकाच डबीतली मिश्री गालात धरत. मूल होईना म्हणून मुक्ताला राहीबाईनंच पसंत करून आणलं होतं. मूल मुक्तालाही झालं नाही, नवरा मात्र तिचा झाला. त्यात बांगलादेशच्या लढाईच्या साली मुक्ताच्या गालात कॅन्सर निघाला. राहीबाईला ज्यानं कधी नगरचा बाजारही दाखवला नव्हता, तो रंगनाथ मुक्ताला घेऊन मुंबईला जाऊन राहिला.

परतल्यावर तो ओट्यावर बसून येईल त्याला सांगायचा, "कानाम्होरल्या शिरंत बारीक नळी घातली. औषध निस्तं ह्या गालातच उतरायचं, दुसरीकडं न्हाई. आदी निळा रंग सोडला. गाल निळा झाला, तवा डॉक्टर म्हनले, बरुबर पोचतंय. मी हात धरूनच बसल्तो."

आत भाकरी थापताना राहीबाईचा जळफळाट व्हायचा. एका बाईच्या एका गालाचं केवढं ते कौतुक! तिच्या स्वतःच्या तापाला घरात कधी काढ्यापलीकडे काही मिळालं नव्हतं.

एके दिवशी मुक्तानं मिश्रीची डबी चुलीत टाकली. "अक्का, ह्यानंच झालं म्हने. तुमी बी सोडा."

"नवरा घेतलास, आता डबी बी घे," राहीबाई म्हणाली. तिनं नवी तंबाखू आणून तव्यावर भाजली आणि मुक्तासमोर बसून गालात धरली. मुक्ता हात जोडायची, तसतशी हिची चिमूट वाढायची.

दोन वर्षांनी राहीबाईला भाकरीचा घास झोंबू लागला. जिभेला गालात टणक गाठ लागली. राहीबाई घाबरली, आणि खोटं कशाला बोला, मनातून सुखावलीही. पदर नीट करून ती ओट्यावर गेली.

रंगनाथनं ऐकून घेतलं. "मळ्याकडं कोन बगनार? मुक्ता यील तुज्यासंगं. तिला समदं ठावं हाय."

मुंबईच्या दवाखान्यात राहीबाईच्या कानापुढे नळी बसली. निळा रंग सुटला. मुक्तानं तिचा हात घट्ट धरला होता.

"अक्का, गाल निळा झाला. बरुबर पोचतंय."

राहीबाईनं दाराकडे पाहिलं.

"त्येंनी बगितला का?"

"ते गावाकडं हायेत, अक्का," मुक्ता म्हणाली. हात तिनं सोडला नाही.