मठ्ठ्याचा बर्फ

गेल्या उन्हाळ्यात माझी श्रद्धा अगदी पातळ झाली होती. मी अमरावतीत रसायनशास्त्रात संशोधन करते. कॅन्सरची पेशी ओळखणारी अँटिबॉडी आणि त्या पेशीला मारणारं प्रथिन, या दोन्हींना जोडणारा रासायनिक दुवा तयार करणं हे माझं काम. तो रक्तात टिकायला हवा. वाटेतच तुटला तर ते प्रथिन निरोगी शरीरालाच घातक. माझे दुवे तुटतच होते. कौंडण्यपूरला रुक्मिणीपुढे उभी राहिले, तर प्रार्थनेऐवजी तक्रारच निघाली.

अखेर एक नवा दुवा जमला. अँटिबॉडी तेवढ्यापुरतीच उरली होती. पुन्हा मिळण्याची आशा नव्हती. तो नमुना बर्फाच्या डब्यात ठेवून मी तपासणीसाठी अकोल्याला निघाले आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी बंद पडली. ड्रायव्हरनं पुष्कळ खटपट केली, पण ती काही सुरू होईना. वैशाखाचं ऊन. डब्यातल्या बर्फाचं पाणी होत चाललेलं. उष्णता लागली की सगळं वाया. मी हात दाखवत राहिले, गाड्या भरधाव जात राहिल्या. शेवटी बाभळीखाली बसले आणि मनात म्हटलं, आई, आता माझ्याच्यानं होत नाही. तूच बघ.

थोड्या वेळानं लग्नाला निघालेली एक जीप थांबली. काचेजवळ बुद्धाची छोटी मूर्ती, मागे दाटीवाटीनं पाहुणे. एक प्रौढ बाई उतरल्या. "काहून बसल्या ताई उन्हात?"

मी डबा उघडून दाखवला, आत औषध आहे म्हणाले.

"कोनाचं?"

"अजून कोणाचंच नाही. जमलं तर कॅन्सरचं."

त्यांनी वाकून डब्यातलं पाणी पाहिलं. "माही माय त्याच्यानंच गेली," एवढंच म्हणाल्या आणि वळून ओरडल्या, "अरे, मठ्ठ्याचा बरफ काढा!"

डबा काठोकाठ भरला. मला पुढे बसवून त्या स्वतः मागच्या दाटीत शिरल्या. अकोल्यात प्रयोगशाळेच्या दारातच त्यांनी सोडलं. लग्नातल्या मठ्ठ्याचं काय, मी ओशाळून विचारलं. त्या हसल्या. "पितीन लोकं तसाच. तुमी जा आंदर!" गडबडीत नाव विचारायचं राहिलं.

तो दुवा टिकला. औषध व्हायला अजून फार वाट आहे, कदाचित होणारही नाही. काम मी पूर्वीइतकंच झटून करते. ते पार नेणारे हात माझेच असले पाहिजेत, हा हट्ट मात्र सुटला. देवीचं नाव घेते तेव्हा त्या बाईंचा घामेजलेला चेहरा समोर येतो, आणि मागायचं काही उरत नाही.