ती घंटा मी ओतलेली नाही

मंडळी, आज सकाळी आपल्या नव्या चर्चसाठी गोव्याहून घंटा आली. पेशव्यांच्या कारखान्यात मी जन्मभर तोफा ओतल्या. ही एक घंटा तरी माझ्या हातून घडावी, एवढंच प्रभूकडे मागणं होतं.

पाद्रीबाबा म्हणाले, "जरा पारखून सांगा. खोट निघाली तर परत पाठवू, मग तुम्हीच ओता."

मी हातोडीनं हलकेच ठोकलं. नाद स्वच्छ होता. तरी तासभर तडा शोधत बसलो.

बायको म्हणाली, "अहो, रविवारी 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हणालात ना? मग आता त्याची इच्छाही ठोकून बघताय का?"

"घंटा चांगली आहे," मी एकदाचं सांगितलं. आत मात्र अजून धुमसतंय.

स्वप्न देवाच्या हाती दिल्यावर तुमचा हात लगेच निघतो का हो? माझा अजून त्या घंटेवरच आहे.